दोन्ही हात प्लास्टरमध्ये

मला कुणाची गरज लागत नाही, हे विचुंब्यात राहायला आल्यापासून मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. चर्चच्या मंडळीत जाणंही सोडलं होतं. प्रभूचं आणि माझं थेट बोलणं होत असताना रविवारी सतरंजीवर दाटीवाटीने कशाला बसायचं, असं मी बायकोला, अरुंधतीला, विचारायचो. ती एकटीच उपासनेला जायची. मी शाळेत मराठी व्याकरण शिकवायचो. त्यामुळे स्वतःचं म्हणणं मला नेहमी निर्दोष वाटे.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात ती मुलीच्या बाळंतपणाला नगरला गेली आणि इकडे टीव्हीवर मुंग्या दिसायला लागल्या. खालच्या मजल्यावरचा काशिराम म्हणाला, शिडी धरायला येतो. तो आणि त्याची बायको कुमुद आमच्याच मंडळीतले. मी नको म्हणालो, गच्चीवर शिडी लावली, अँटेना फिरवली आणि तिच्याबरोबर मीही फिरलो. दोन्ही मनगटं मोडली.

पनवेलच्या दवाखान्यात रिक्षाने एकटाच गेलो. बरोबर कोण आहे असं विचारलं, तेव्हा ताठ मानेने म्हणालो, कुणी नाही. परतताना भाडं रिक्षावाल्यानेच माझ्या खिशातून काढून घेतलं. स्वाभिमान दारापर्यंत टिकला. किल्ली पँटच्या खिशात होती. मी बराच वेळ कुलपाकडे बघत उभा राहिलो आणि शेवटी खाली जाऊन काशिरामचं दार पायाने वाजवलं. त्याने काही न विचारता किल्ली काढली.

संध्याकाळी कुमुदने वरणभात आणला. ठेवा, खाईन माझा मी, असं म्हणून मी तिला वाटेला लावलं आणि ताटात तोंड घातलं. लोणचं राहिलं म्हणून ती परत आली, तेव्हा माझ्या नाकाला वरण लागलेलं होतं.

तिने हसू दाबलं, नाक पुसलं आणि चमचा हातात घेतला.

"सर, प्रभूच्या प्रार्थनेत सगळं 'आम्ही' असतं. घरी एकटे असताना तुम्ही काय म्हणता?"

म्हणणारा एकच, म्हणून मी वर्षभर ती प्रार्थना एकवचनात दुरुस्त करून म्हणत होतो. प्रभूने शिकवलेल्या वाक्यांवर लाल पेन चालवणारा बहुधा मी पहिलाच मास्तर.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

मग मंडळीने पाळ्या लावल्या. कुणी दाढी करून द्यायचं, कुणी सदरा चढवायचं. रविवारी काशिराम मला उपासनेला घेऊन गेला. प्रभुभोजनाच्या वेळी त्याने भाकरीचा तुकडा माझ्या तोंडात ठेवला, प्याला ओठांना लावला. द्राक्षरस हनुवटीवरून थेट सदऱ्यावर. मी लाजून मान खाली घातली. लोकांना वाटलं, सर भक्तीत बुडाले. नंतर मात्र डोळे खरोखरच भरून आले आणि पुसायला हात नव्हते. काशिरामने तेही पुसले.

प्लास्टर निघालं त्याच दिवशी कुमुद वर आली. मला वाटलं, कौतुक करायला. तर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आशालताबाईंना गुरुवारचं जेवण पोचवायची पाळी तिने माझ्यावर टाकली होती. जन्मात पहिल्यांदा खिचडी केली. आशालताबाईंनी चार घास खाल्ले, पाणी प्यायल्या, पुन्हा पाणी प्यायल्या.

"सर, पुढच्या गुरुवारीही तुम्हीच या," त्या म्हणाल्या. "मीठ मात्र मी घालीन."