माझ्या तोंडून फक्त 'चित्र'

सोमवारी सकाळी अकरा वाजता माझ्या पाठीवर 'भंगार' अशी चिठ्ठी चिकटवण्यात आली.

मित्रांनो, मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातला एक जुना संगणक आहे. खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा. ज्यांना दिसत नाही, त्यांना पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणे हे माझे काम. माझा आवाज सर्दी झालेल्या मास्तरांसारखा आहे, असे विद्यार्थी म्हणत. तरी पाहुणे आले की त्यांना आधी माझ्याकडेच आणत. पुढे नवे संगणक आले, पाहुणे तिकडे वळले. माझ्या हेडफोनच्या गाद्या फाटल्या, त्या कोणी बदलल्या नाहीत.

एक संशोधक ताई मात्र रोज येत राहिली. तिला दिसत नाही. जुन्या आरोग्यविषयक मासिकांवर तिचा प्रबंध आहे आणि तो याच वर्षी द्यायचा आहे. मासिके तिला भाऊ वाचून दाखवी. त्याची बदली झाली. त्यामुळे ग्रंथालयाने ती सगळी मासिके संगणकावर आणल्याचे कळताच सर्वांत आधी तीच येऊन बसली. मी पहिले पान उघडले आणि म्हणालो, "चित्र." दुसरे उघडले. "चित्र."

"मशीन म्हातारं झालंय, ताई. बरळतंय," ग्रंथालयाचा साहाय्यक म्हणाला. चिठ्ठी त्यानेच लावली.

ताई उठली ती थेट नव्या संगणकाकडे. त्यावर वाचनाची सोय सुरू करून घेतली. तोही गोड आवाजात म्हणाला, "चित्र."

"यालाही म्हातारपण आलं का हो, दादा?"

ग्रंथपालबाई धावत आल्या. "अगं, पानं किती स्वच्छ दिसतायत!"

"दिसतायत ना मॅडम, तुम्हाला."

तेव्हा उलगडा झाला. पानांचे नुसते फोटो काढले होते. फोटोतली अक्षरे आम्हाला ओळखता येत नाहीत. त्यांचा मजकूर वेगळा करून घ्यावा लागतो, आणि त्यात गळलेली अक्षरे दुरुस्त करावी लागतात. सगळ्यांनी पाने डोळ्यांनी तपासली होती. ऐकून कोणीच पाहिली नव्हती.

"म्हणजे सगळं परत?" साहाय्यकाने कपाळाला हात लावला.

"परत. मी रोज बसते. मी ऐकते, तुम्ही दुरुस्त करा."

मंगळवारपासून दोघे माझ्यासमोर बसतात. नवा संगणक भरभर वाचतो, त्यात चुका निसटतात. माझ्या संथ वाचनात त्या सापडतात. 'प्रकृती'ची 'पकती' झाली की ताई टेबलावर बोट आपटते. "थांबा दादा, काहीतरी गळलंय!"

"तुमचे कान आहेत की चाळणी?" तो कुरकुरतो आणि अक्षर दुरुस्त करतो.

मित्रांनो, पुस्तक संगणकावर चढवाल तेव्हा एकदा डोळे मिटून ते ऐका. ऐकू आले, तरच काम झाले असे समजा.

आज दुपारी पहिल्या वर्षाचे सगळे अंक मी न अडखळता वाचले. मग दुसऱ्या वर्षाचा पहिला अंक उघडला.

"चित्र," मी म्हणालो.

ताईने खुर्ची पुढे ओढली. भंगाराची गाडी शनिवारी यायची आहे. चिठ्ठी अजून माझ्या पाठीवरच आहे.