संताच्या पायांचा मध

पाच सेकंद. साखर मोजणाऱ्या यंत्राच्या पट्टीने रक्ताचा थेंब शोषून घेतला आणि वैदू दॉन सेवेरोच्या अंगणातली शंभरएक माणसे श्वास घ्यायचे विसरली. संताच्या लाकडी मूर्तीभोवती एक मधमाशी तेवढी घोंघावत होती. गप्प राहण्याची आज्ञा तिच्यापर्यंत पोहोचली नसावी. नेरेइदा आईच्या पुढे केलेल्या बोटाकडे पाहत होती. तीन आठवड्यांपूर्वी फिलेमोनाने, तिच्या आईने, सुई बंद करून इन्सुलिनच्या कुप्या फ्रिजमध्ये मसाल्याच्या मडक्यामागे ढकलल्या होत्या. तेव्हापासून तिच्या टाचेवरची जखम काळवंडत चालली होती.

"चारशे बारा!" दॉन सेवेरो गरजला. "ऐका, लेकरांनो! या बाईच्या रक्तात ऊस माजलाय, ऊस! डॉक्टर काय करतो? सुई टोचून उसाला गुदगुल्या करतो. मी थेट मुळावर काळं अमृत ओततो!"

वाहाका प्रांतातल्या त्या खोऱ्यात दर रविवारी हाच सोहळा होई. रोग्याने आधी उजव्या हाताची बोटे मधात बुडवून संताच्या लाकडी पायांना मध चोपडायचा. दॉन सेवेरो मायेने, कोरड्या फडक्याने ती बोटे पुसायचा आणि लगेच टोचायचा. आकडा आभाळाला भिडायचा. मग तुळशीच्या पाण्यात दोन्ही हात धुवायचे, रवीने घुसळलेले बिनसाखरेचे काळे चॉकलेट प्यायचे आणि दुसरे बोट पुढे करायचे. संताचे पाय मात्र वर्षभरात इतके चिकट झाले होते, की सर्वांत निष्ठावंत भक्त मुंग्याच ठरल्या होत्या.

फिलेमोनाने हात धुतले, पेला रिकामा केला. यंत्र पुन्हा लुकलुकले.

"दोनशे एक्केचाळीस! एका पेल्यात निम्मा ऊस जळाला! असे नऊ रविवार, फिलेमोनाबाई, आणि सुया द्या फेकून!"

गर्दीतून हुंदका आणि जयघोष एकदमच निघाला. फिलेमोनाचा चेहरा उजळला. त्या पेल्यातला कोको नेरेइदानेच भाजला होता, तिच्याच गिरणीत दळला होता. त्यात खोटे काहीच नव्हते, आणि म्हणूनच ते खोटे इतके सुगंधी झाले होते.

तिची नजर मधमाशीवर गेली. मघाशी ती आईच्या उजव्या हाताच्या बोटावर बसली होती. आता धुतलेल्या हाताकडे ढुंकूनही पाहत नव्हती. दवाखान्यातली नर्स दर खेपेला बजावायची, "आधी हात धुवा, मग टोचा." नेरेइदाला आजवर तो केवळ स्वच्छतेचा धडा वाटे. ती अंगणातल्या नळाशी गेली, डावा हात साबणाने धुऊन आली आणि रांग मोडून पुढे झाली.

"मला पण तपासा, दॉन सेवेरो."

"तुला काय झालंय, पोरी? तू तर चक्कीच्या दगडासारखी ठणठणीत!"

"दगडातही ऊस उगवत असेल. बघू या."

लोक हसले. दॉन सेवेरोला नकार देणे महागात पडले असते. नेरेइदाने उजव्या हाताने संताला मध चोपडला, दॉन सेवेरोने बोटे पुसली, टोचले. तीनशे अठ्ठ्याऐंशी.

"अरेरे! एवढ्या लहान वयात!" तो पाण्याच्या घंगाळाकडे वळला.

"थांबा." नेरेइदाने यंत्र उचलले. आईसाठी ते तिने हजारदा हाताळले होते. "पाणी नको, चॉकलेट नको." तिने डाव्या हाताचे बोट स्वतःच टोचले. पाच सेकंद पुन्हा कुणी हलले नाही.

"चौऱ्याण्णव," तिने वाचले. "आता सांगा, साखर माझ्या एकट्या उजव्या हातालाच झालीय का?"

"डावा हात सैतानाचा असतो!" दॉन सेवेरो ओरडला. "तो खोटं बोलतो!"

नेरेइदाने उजव्या हाताचे बोट चाटले. "आणि हा गोड बोलतो. मध पुसला तरी कातडीवर उरतो. रक्ताचा थेंब त्यात मिसळतो, आणि यंत्र बिचारं मधाचीच साखर मोजतं. हात धुतले की चमत्कार!"

रांगेतल्या ओतिलियाबाईने नुकताच मध वाहिला होता. तिने हळूच आपले पुसलेले बोट जिभेला लावले. "अगंबाई, खरंच गं! दॉन सेवेरो, वर्षभर तुम्ही माझं रक्त तपासत होता, की संताचा मध?"

हशा फुटला. पाठोपाठ दहा-वीस बोटे तोंडात गेली. जिथे मघाशी जयघोष होता, तिथे आता केवळ चाटण्याचा आवाज होता. दॉन सेवेरो संताची मूर्ती काखोटीला मारून आत निघाला, तेव्हा ती त्याच्या सदऱ्याला चिकटली. बहुधा तिलाही जाब विचारायचा होता.

फिलेमोना हसत नव्हती. घरच्या उंबऱ्यात थांबून ती म्हणाली, "चारचौघांत माझी आशा चाटून दाखवलीस."

"आई, तो दोनशे एक्केचाळीसचा आकडा धुतलेल्या हाताचा होता. तोच खरा. तू ज्याला गुण म्हणत होतीस, तोच तुझा आजार आहे."

फिलेमोनाने टाच मागे ओढली.

"म्हणजे चॉकलेटही खोटं?"

"चॉकलेट कशाला खोटं? आजीनं जन्मभर प्यायलं, तूही पी. काळं, कडू, साखर न घालता. जेवणानंतर लहानसा तुकडा, जिभेवर सावकाश विरघळू दे. ते अन्न आहे, आनंद आहे. त्याच्यावर इन्सुलिनचं ओझं टाकू नकोस, त्याला पेलणार नाही. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर नमस्कारासाठी हात जोडण्याआधी ते धुऊन बघ; एवढंच मागणं आहे माझं." तिने आईच्या काळवंडलेल्या टाचेकडे पाहिले. "उद्या आपण दवाखान्यात पाय दाखवू. पण सुई आज घेशील ना?"

फिलेमोनाने लेकीकडे पाहिले, मग फ्रिजकडे. ती आपल्या अंगणातल्या नळाकडे चालू लागली आणि जाता जाता तिने खिडकीतला साबण उचलला.