शेकोटीजवळच्या टेबलावरून

मी एक कातडी आहे, काळ्या अस्वलाच्या मादीची. घाबरू नका, माझ्या पोटात आता पेंढासुद्धा नाही. टेनेसीच्या डोंगरातल्या या सरकारी उद्यानात उन्हाळ्याच्या दर शनिवारी संध्याकाळी शेकोटी पेटते, तंबूंतली माणसं बाकांवर येऊन बसतात, आणि रेंजर गार्लंड मला टेबलावर पसरून माझी हकिगत सांगतो. आज मीच सांगते.

भर थंडीत, एका पोकळ झाडाच्या ढोलीत मी जन्मले. ओकची फळं, मुंग्या, रानातली बोरं यांवर वाढले. पुढे एका वर्षी अवेळी हिम पडलं आणि ओकला फळच धरलं नाही. पदरात पिल्लू होतं. भुकेने मला तंबूंपर्यंत आणलं. तिथे एका बाईने शेंगदाण्याचं लोणी लावलेला पाव माझ्यापुढे टाकला. “बिचारी, लेकुरवाळी आहे गं,” ती मैत्रिणीला म्हणाली. तिच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही सांगेन.

मी रोज येऊ लागले. एके दिवशी पावाच्या वासाने एक तंबू फाडला. आत माणूस झोपलेला होता. त्याला ओरखडाही आला नाही, पण गार्लंडला बंदूक घेऊन यावं लागलं. पिल्लू झाडावर चढून बसलं होतं.

“हिला मीच मारलं,” गार्लंड दर शनिवारी सांगतो. “पण हिचा जीव त्या पावाने घेतला. अस्वलाला खायला घालू नका.” मग पोरं येऊन माझ्यावर हात फिरवतात.

काही वर्षांनी एक तरुण मादी कचऱ्याच्या डब्यांपाशी आली. तिला पकडलं, कानात पिवळा बिल्ला टोचला आणि डोंगरापलीकडे नेऊन सोडलं. पुन्हा माणसांच्या खाण्यापाशी दिसली तर गोळी, असा नियम. तिच्या छातीवर माझ्यासारखाच पांढरा चांद होता. ती माझं पिल्लू नसून दुसऱ्या कुणाची असेल, असं मन घेत नाही.

मिस ओपल नावाच्या म्हाताऱ्या बाई उन्हाळ्यापासून हिम पडेपर्यंत इथेच गाडीघरात राहून तंबूवाल्यांवर लक्ष ठेवतात. त्या बिल्लेवालीसाठी त्यांनी साखर सोडली.

“ती थंडीला गुहेत जाऊन झोपेपर्यंत कॉफीत साखर नाही,” त्या म्हणाल्या. “देवाला शब्द दिलाय.”

“देवाला काय करायचीय तुमची साखर?” गार्लंड हसला.

“तू तुझी बंदूक सांभाळ बाळा, देवाचं मी बघते.”

दर संध्याकाळी त्या तंबू-तंबू फिरायच्या. खाणं गाडीत ठेवा, ताटं धुवा, लोक कंटाळेपर्यंत सांगायच्या. एक तुकडा कुठे राहू देत नसत.

पण शेकोटीला माणसं यावीत म्हणून एक रीत होती. कार्यक्रम संपला की काडीला मार्शमेलो टोचून विस्तवावर भाजायचे. त्यांच्या पिशव्या ओपलबाईच आणायच्या. अस्वलाला खायला घालू नका हे ऐकून पोरं तो पांढरा गोड गोळा खायची, निम्मा गवतात सांडायची आणि चिकट हातांनी मला कुरवाळायची. इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

एका शनिवारी कुणाचा तरी पाय मुरगळला, त्या धांदलीत गार्लंड मला टेबलावरच विसरला. पहाटे ती बिल्लेवाली आली. गवत चाटलं, काड्या चाटल्या. मग पुढचे पाय टेबलावर ठेवून तिने मला चाटायला सुरुवात केली, पाठीवरून, मानेवरून, किती तरी वेळ. लेकीने आईला ओळखलं, असं मला वाटून घ्यायचं होतं. पण ती साखर चाटत होती.

कॉफीचा पेला घेऊन ओपलबाई आल्या आणि जागीच थिजल्या. टाळ्या वाजवल्या, दगड मारला. ती हलेना.

गार्लंड बंदूक घेऊन आला तेव्हा त्या त्याची वाट अडवून उभ्या राहिल्या. “काही पाहिलं नाही म्हण.”

“तंबूवाल्यांनी व्हिडिओ काढलाय, मिस ओपल.”

“मग ते गोड मी आणलं होतं म्हणून सांग.”

“कोणी आणलं, असं नियमात विचारत नाहीत हो. बाजूला व्हा.”

त्या बाजूला झाल्या नाहीत. शेवटी त्यानेच त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं.

पहिलं हिम पडलं तेव्हा त्याने त्यांच्या कॉफीत साखर घालायला हात पुढे केला. त्यांनी पेल्यावर तळवा ठेवला.

“ती गुहेत जाईपर्यंत, म्हटलं होतं मी.”

“ती आता कुठली जाणार?”

“म्हणूनच.”

आता शेकोटीला गोड मिळत नाही. बाकं बरीचशी रिकामी असतात. ओपलबाई वाटेवरच पाण्याची बादली घेऊन बसतात आणि येणाऱ्याचे हात धुवून घेतात. माझे केस झडलेत, पाठीवर टक्कल पडलंय. उद्यानाच्या कचेरीतून गार्लंडला विचारणा आलीय, ही जुनी झाली, नवी कातडी तयार आहे, पाठवू का. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

ती कुणाची, ते मला ठाऊक आहे. छातीवरचा चांद दिसावा म्हणून तिला उताणी पसरतील. देवा, एवढं होऊ देऊ नकोस. आणि तुम्ही, बाळांनो, खायला काही मिळत नसलं तरी शनिवारी या. हात जरा हलका फिरवा. मी अजून पुरेन.