घंगाळातली माती

मी एक जुनं तांब्याचं घंगाळ आहे. मित्रांनो, जवळ बसा, पण नाक धरून बसा. माझ्या गोष्टीला वास आहे.

धुळ्याच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून गोल केलं आणि मी शिंदखेड्याला जीवराम नानांच्या घरी आलो. त्या घरातल्या तीन बाळांचं पहिलं न्हाणं माझ्यात झालं. चिंचेनं घासलं की मी असा लखलखायचो, की नानांच्या यशोदाबाई माझ्यात बघून कुंकू नीट करायच्या. घाणीचं मला भारी वावडं.

दुसरं महायुद्ध लागायच्या आदल्या साली नानांनी बुराई नदीच्या डबक्यातून एक कासवीण आणली. विहिरीत कासव असलं की पाणी स्वच्छ राहतं म्हणे. पण यशोदाबाईंना तिच्यात देव दिसला.

"देवले विहिरमा टाकतस का? घरमा ऱ्हाऊ द्या!"

आणि देवाला बसायला कोण? मी!

काय सांगू मित्रांनो! तिच्या पाठीवर हळद, हळदीवर कुंकू, कुंकवावर तेल. पाण्यात रोज दुधाची धार आणि भाकरीचा काला. दुपारपर्यंत दूध नासायचं, त्याच्या गुठळ्या माझ्या काठाला चिकटायच्या. भाकरी फुगून आंबायची. तळाला हिरवी बुळबुळ. भांड्याला ओकारी येत नाही, हे केवढं दुःख!

कार्तिकात तिनं खाणं सोडलं. दिवसभर मागच्या पायांनी माझा तळ खरवडायची. खर्र, खर्र.

"भूक लागनी व्हई," म्हणत यशोदाबाईंनी आणखी दूध ओतलं.

"पयी जाई ती," म्हणत, ती पळू नये म्हणून नानांनी माझ्यावर पाट टाकला आणि पाटावर दगड.

मग एका सकाळी तिनं पाण्यातच एक अंडं टाकलं. लिंबाएवढं, पांढरं. दोन दिवसांनी ते फुटलं आणि असा दर्प सुटला, की यशोदाबाईंनी पदर नाकाला लावला. "शी वं माय! बठ्ठं बाटाडं! टाका हिले विहिरमा!"

कालचा देव आज विटाळ झाला.

ताईबाई, त्यांची सून, तेव्हा तीन महिन्यांची पोटुशी होती. दुसरी खेप. तिला माती खायचे डोहाळे. पदराच्या गाठीला कायम एक ढेकूळ. "माणूस शे का गांडूळ?" असा सासूचा टोमणा रोजचा. तिनं पाट उचलला. नासक्या दुधाच्या वासानं तिनंही एका हातानं नाक धरलं. पण ती तिथंच बसून बघत राहिली.

"आत्याबाई, ती पयत नही. तिले माटी पाहिजे. बांधेल विहिरमा माटी कोठे शे? बाकीना अंडा बी सडी जातीन."

"तुले काय समजस?"

"माले बी तेच लागस ना!"

नाना मिशीत हसले. "दोन्ही पोटुश्या एकच बोलतस!" आणि नदीवर जाऊन पाटीभर वाळू घेऊन आले.

ताईबाईनं मला रिकामं केलं, घासलं, आणि काठोकाठ ओली वाळूमाती भरली. तांब्याच्या अंगात चिखल! कासविणीला वर ठेवून तिनं सगळ्यांना बाहेर काढलं. "कोनी देखू नका तिले." त्या कासवबाईनं खड्डा केला, आठ अंडी घातली, माती ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी नानांनी तिला बुराईत सोडलं. अंडी मात्र माझ्या पोटात.

मी हिरवा पडलो. मुंग्या झाल्या. ताईबाई वर बाभळीच्या काट्या ठेवायची, दोन दिवसांआड पाणी शिंपडायची. मला तिचा राग यायचा.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या तोंडावर ताईबाईला मुलगी झाली. न्हाणं! यशोदाबाई चिंच घेऊन आल्या, मी आतून मोहरलो.

"काढ ती घाण. मनी नातनं न्हाणं घंगाळमाच व्हई."

"बालदीमा न्हाई ती," ओली बाळंतीण म्हणाली. "त्या कासवीनना पोरे अजून निजेल शेतस."

माझ्यासमोर पोरगी बालदीतल्या पाण्यानं न्हाली आणि आईच्या खांद्यावर भडाभडा दूध ओकली. तोच नासका वास! मी शहारलो. ताईबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं आणि तिथंच मुका घेतला. नाकसुद्धा मुरडलं नाही. मी माझी माती घट्ट धरून बसलो.

आषाढात आतून खर्र खर्र झालं. पाच पिल्लं निघाली, चिकट, गिळगिळीत. ताईबाईनं ती टोपलीतून नदीला पोचवली. मग मला चिंच लागली. पण तळाचे ओरखडे गेले नाहीत. ती पोरगी माझ्यात बसून न्हाताना त्यांवर बोट फिरवायची.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? किळस मला अजून येते. पण जीव पाळलात तर तुम्हाला काय द्यावंसं वाटतं ते बाजूला ठेवा. तो काय मागतो ते बघा. आणि वास आला तर खुशाल नाक धरा. एका हातानं. दुसरा हात आखडू नका.