डागी वर, चांगलं खाली

डाळिंबाच्या क्रेटला तोंड असतं. तोंड म्हणजे वरचा थर. तिथं लालभडक, मुठीत न मावणारी, पुसून चकचकीत केलेली फळं बसवायची. त्यांच्या खाली मध्यम. मध्यमच्या खाली देवाची मर्जी. घेणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. तो वरचा थर बघतो, मनातल्या मनात खालच्या थराला दोन शिव्या घालतो आणि त्या हिशेबानं बोली लावतो. म्हणजे फसवणारा आणि फसणारा, दोघंही पूर्ण माहितीनिशी व्यवहार करतात. इंदापुरात याला विश्वासाचा धंदा म्हणतात.

हा विश्वास मोडला तो जैतूनबी बागवान यांनी.

हायवेलगत मानसिंगरावांचा खासगी फळबाजार आहे. पत्र्याची लांबलचक शेड, तिच्यात आडत्यांचे गाळे. शेतकऱ्यानं माल आणायचा, आडत्यानं गाळ्यावर मांडून लिलाव पुकारायचा. त्यातला कोपऱ्यावरचा गाळा जैतूनबींचा. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणूस काय लिलाव पुकारणार. त्यांनी अकरा वर्षं पुकारला, आणि असा पुकारला, की पलीकडच्या गाळ्यावरचे लोक आपला भाव विसरून यांचाच ऐकत बसायचे. त्या गाळ्यावर त्यांचं घर चालायचं. घर कसंही चाललं असतं. पण त्यांचं नावही त्याच गाळ्यावर चालायचं.

दर गुरुवारी दुपारी गल्लीतल्या बायका एका घरी जमून तालीम, म्हणजे धर्माची शिकवण, ऐकतात. धर्माचं शिक्षण घेतलेली एक तरुण आलिमा येते, पैगंबरसाहेबांच्या वचनांची हदीस वाचते, समजावून सांगते. त्या गुरुवारी तिनं वाचलं, की पैगंबरसाहेब मदिनेच्या बाजारातून चालले होते. धान्याचा ढीग दिसला. त्यांनी ढिगात हात घातला तर बोटं ओली झाली. "हे काय?" म्हणून विचारलं. धान्यवाला म्हणाला, "पावसानं भिजलं." तेव्हा ते म्हणाले, "मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस? लोकांना दिसलं असतं. जो फसवतो, तो माझ्यातला नाही."

जैतूनबींनी ही हदीस लहानपणापासून ऐकलेली. आजवर त्यांना ती धान्यवाल्यांची वाटायची. पण त्या दिवशी सकाळीच त्यांनी बारा क्रेटची तोंडं स्वतःच्या हातानं लावली होती. आलिमा पुढच्या हदीसवर गेली; या मागेच राहिल्या.

"बेटी, जरा थांब. टाकून दे असं म्हणाले का?"

"नाही खाला."

"विकू नको असं?"

"नाही. वर ठेव म्हणाले."

"मंजे जागेचा सवाल हाय," जैतूनबी म्हणाल्या आणि उठल्या. चहाला थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाजार. पिंपळीच्या बिरदेवचा माल आला होता. जैतूनबींनी सगळे क्रेट रिकामे केले. डाग पडलेली, तडकलेली, एका अंगानं उन्हानं भाजलेली अशी सगळी फळं बाजूला काढली. चांगली खाली भरली आणि ही वर मांडली. नीट, ओळीनं. हमाल गंगाराम आला आणि क्रेटकडं बघून कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"भाभी, उलटा भरलाय."

"सुलटा भरलाय. अकरा वर्सं उलटा भरत हुते."

"न्हाय, मला काय. मी दोनी थर उचलतो, वजान सारखंच," गंगाराम म्हणाला. त्या बाजारात या विषयावर पुढं जेवढी भाषणं झाली, त्यात शहाणपणाचं वाक्य हे एकच.

लिलाव सुरू झाला. घेणारे जमले, क्रेट बघितले आणि घाबरले. चूक त्यांची नव्हती. वरचा थर असा, तर खाली काय असेल? सवयीनं त्यांनी खालच्या थराला दोन शिव्या घातल्या आणि बोली अशी लावली, की बिरदेवनं डोक्याचा फेटा काढून हातात घेतला.

"चांगलं खाली हाय," जैतूनबी ओरडून सांगत होत्या.

"व्हय व्हय," घेणारे म्हणत होते. चांगलं खाली आहे, हे वाक्य त्या बाजारात आजवर कुणी खरं बोललं नव्हतं, त्यामुळं ते खरं असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

लिलावानंतर बिरदेव गाळ्यावर आला. शांत होता. धनगर माणूस शांत झाला की जपून राहावं.

"भाभी, पोरगी बघाय पावनं आल्यावर कुणी आधी तिचा दमा आन् नापासाची मार्कशीट दावतं का?"

"दावाय पायजे."

"मग लग्नं व्हतील का?"

"व्हतील. टिकतीलबी."

"माझं डाळिंब नांदाय न्हाय चाललं, भाभी! संध्याकाळच्या आत खाऊन संपतंय!" बिरदेव म्हणाला आणि पुढच्या खेपेचा माल थेट शेजारच्या गाळ्यावर उतरवला.

शेजारचा गाळा मन्सूरभाई अत्तारांचा. मन्सूरभाई मशिदीचे विश्वस्त. दाढी पांढरी, बोलणं गोड, आणि क्रेटचं तोंड लावण्यात तालुक्यात त्यांचा हात धरणारा नाही.

जैतूनबींनी पद्धत बदलली नाही. उलट एक ताडपत्री आणली. लिलावाआधी कुठलाही एक क्रेट घेणाऱ्यानं निवडायचा. त्या तो सगळा ताडपत्रीवर ओतून दाखवायच्या. बिरदेवच्या मागोमाग आणखी शेतकरी गेले, माल थोडाच उरला होता, पण जो होता तो उघडा होता.

बारामतीहून राजलक्ष्मी म्हणून एक बाई खरेदीला यायची. तिकडं एमआयडीसीत तिचा डाळिंबाचे दाणे सोलून डब्यात भरायचा छोटा कारखाना. तिनं एक दिवस कुतूहलापोटी जैतूनबींचे क्रेट नेले. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"भाभी, खाली सगळं चांगलंच निघालं."

"सांगितलं हुतं की."

"तसं सगळेच सांगतात हो! माझ्या बायका घाबरल्या. म्हणाल्या, तळात काहीतरी गडबड असणार. तळ दोनदा बघितला."

पुढच्या बाजाराला राजलक्ष्मी सगळ्या गाळ्यांवरून फिरली आणि प्रत्येक आडत्याला एकच प्रश्न विचारत गेली, "तुमचं चांगलं तर वर आहे. मग डागी कुठं ठेवलंय?"

हा प्रश्न डाळिंबाच्या बागेत तेल्या रोग पसरावा तसा बाजारात पसरला. दुपारपर्यंत रसाच्या गाडीवालेसुद्धा विचारायला लागले. आडत्यांची मोठी पंचाईत झाली. जैतूनबींच्या प्रामाणिकपणाला त्यांचा विरोध नव्हता. उलट प्रत्येकानं कधी ना कधी त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं होतं. तो वरच्या थरात ठेवायची काय गरज, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

संध्याकाळी मन्सूरभाई गाळ्यावर आले. येताना स्वतःच्या घरचा चहा घेऊन आले, म्हणजे काम अवघड होतं.

"भाभी, तुमची नियत पाक हाय. पण हदीस समजून घ्यावी लागती. ती धान्याची हाय. फळाचा उल्लेख न्हाय त्यात."

"बरं."

"आन् तितं माल पावसानं भिजला हुता. आपल्या इंदापुरात पाऊस कुठाय?"

"भाई, डाग तर हाय ना?"

"डाग हाय. पण डाग अल्लाहनं दिलाय. तो चारचौघांत मांडणारे आपण कोण?"

जैतूनबींनी चहाचा घोट घेतला. "भाई, तुमी मशिदीत पुढच्या रांगेत असता. ह्यो सवाल तुमी मौलानासाबांना इचारा. मीबी येते ऐकाय."

मन्सूरभाईंनी कप उचलले. मौलानासाब ताडपत्रीच्या बाजूनं निघाले तर काय घ्या. असल्या जोखमी विश्वस्त लोक घेत नाहीत. ते तिथून उठले आणि मानसिंगरावांकडं गेले.

मानसिंगराव हसतमुख माणूस. आवाज चढवणं त्यांना माहीत नाही. गाळे काढून घेणं माहीत आहे. त्यांनी जैतूनबींना ऑफिसात बोलावलं, पंखा त्यांच्याकडं वळवला.

"भाभी, मी कुणाच्या धर्माच्या आड येत न्हाय. रमजानला अख्ख्या बाजारात खजूर वाटतो. पण माझं म्हणणं साधं हाय. धर्म मशिदीत, धंदा गाळ्यावर."

"मानसिंगराव, ही गोष्ट मशिदीत घडल्याली न्हाय," जैतूनबी म्हणाल्या. "बाजारात घडलीया. ढिगापाशी."

मानसिंगरावांचं हसू होतं तिथंच राहिलं, फक्त त्यातला माणूस आत गेला. त्यांनी टाईप केलेला कागद पुढं सरकवला. 'वरच्या थरात डागी माल ठेवून बाजाराच्या प्रतिमेस बाधा आणणार नाही,' असं हमीपत्र. सोमवारी बाहेरच्या राज्यातले मोठे खरेदीदार येणार होते. त्यांच्या लिलावाआधी सही झाली नाही, तर गाळा खाली करायचा. अकरा वर्षं करार दर वर्षी नवा व्हायचा, आणि यंदाचा अजून व्हायचा होता.

"इचार करा," मानसिंगराव म्हणाले. "बाईमाणसानं हट्टानं पोट मारू न्हाय."

त्या रविवारी जैतूनबींनी विचार केला. सून म्हणाली, सही करा अम्मी, अल्लाहला मजबुरी कळते. जैतूनबी म्हणाल्या, "कळती. म्हणूनच त्याला हीबी कळंल, की मजबुरी किती हाय आन् सवय किती."

सोमवारी शेड भरली. बाहेरचे खरेदीदार पांढऱ्या गाडीतून उतरले. त्यांना नारळपाणी दिलं गेलं. शेतकरी, हमाल, आडते, सगळे लिलावाच्या ओट्याभोवती जमले. बिरदेवही होता, त्याचे क्रेट मन्सूरभाईंच्या गाळ्यावर नटून बसले होते. मानसिंगरावांनी कागद आणि पेन जैतूनबींपुढं धरलं. पाव्हण्यांसमोर बाई वाद घालणार नाही, असा त्यांचा हिशेब.

जैतूनबींनी कागद घेतला आणि लिलाव पुकारायच्या आवाजात, म्हणजे हायवेवरच्या ट्रकला ऐकू जाईल अशा आवाजात, वाचून काढला. शेवटी म्हणाल्या, "मला मंजूर हाय."

मानसिंगरावांनी सुस्कारा सोडला.

"फकस्त एक वळ वाढवा. 'आन् खालच्या थरातबी डागी माल ठेवणार न्हाय.' वर न्हाय, तर खालीबी न्हाय. बाजाराची प्रतिमा हाय, ती अर्धी कशाला जपायची? सगळ्या गाळ्यांनी सही करायची. पयली माझी."

आणि त्यांनी ती ओळ स्वतःच्या अक्षरात लिहिली, खाली सही केली आणि पेन मन्सूरभाईंकडं दिलं.

मन्सूरभाईंनी खिसे चाचपले. "चष्मा घरी राहिला."

"डोळ्यावर हाय, भाई," गंगाराम म्हणाला.

"ह्यो लांबचा हाय."

पेन पुढं गेलं. एका आडत्याला फोन आला. वाजला नव्हता, पण आला. दुसरा म्हणाला, आमच्याकडं सह्या भाऊ करतात. तिसऱ्यानं पेन घेतलं, झाकण लावलं आणि मानसिंगरावांच्या हातात आदरानं परत दिलं. शेतकरी हसायला लागले. बाहेरच्या खरेदीदारांपैकी एकानं, ज्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, दुसऱ्याला विचारलं. दुसऱ्यानं कानात सांगितलं. मग दोघंही नारळपाणी खाली ठेवून मन्सूरभाईंच्या क्रेटकडं बघायला लागले.

मानसिंगराव अजून हसतच होते. "भाभी, झालं एवढं लई झालं. गाळा खाली करा."

"आत्ता?"

"आत्ता."

"गाळा तुमचा हाय, मानसिंगराव. बोलणं माझं हाय. गंगाराम, क्रेट उचल."

गंगारामनं उचलले. बाजाराचा हमाल होता, मालक बघत होता, तरी उचलले. सावली सुटली, वजनकाटा सुटला, पाण्याचा नळ सुटला. फाटकाबाहेर उन्हात जैतूनबींनी ताडपत्री अंथरली. मागून फाटकावरचा माणूस पळत आला.

"हितं न्हाय, भाभी. हितंबी मालकांचंच हाय."

"कुठवर हाय?"

त्यानं रस्त्याकडेच्या गटाराकडं बोट केलं. "गटारापत्तोर."

जैतूनबींनी ताडपत्री गोळा केली, साडीचा पदर खोचला, गटार ओलांडलं आणि पलीकडं पुन्हा अंथरली. गंगारामनं एकेक क्रेट गटारावरून पलीकडं दिला. डागी वर, चांगलं खाली. राजलक्ष्मी फाटकातून बाहेर आली, चपला हातात घेतल्या आणि गटार ओलांडून आली. तिच्यामागं रसाच्या गाडीवाले. त्यांच्यामागं, थोडं लांबून, पांढऱ्या गाडीतल्या दोघांपैकी एक.

बिरदेव मात्र एक पाय अलीकडं, एक पाय पलीकडं ठेवून गटारावर उभा होता.

"भाभी," तो म्हणाला, "माझा माल अजून आत हाय."

"मग आत जाऊन घिऊन ये, न्हायतर बाजूला हो. लोकांना वाट दे."

एक ट्रक धुरळा उडवत गेला. जैतूनबींनी धुरळा खाली बसू दिला, वरच्या थरातलं सगळ्यात मोठ्या डागाचं डाळिंब उचललं, सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं आणि म्हणाल्या, "बोला."