कोरडा पडलेला फोन

पंपकाकांचं खरं नाव गल्लीत कुणालाही ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. उभी हयात पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात गेली. काम सुटलं तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. माणूस हट्टी. गंजलेला नट हलत नसला की जेवायला उठायचे नाहीत, आणि काकू स्वयंपाकघरातून हाका मारून मारून दमायच्या.

आता काकू हाका मारत नव्हत्या. घशाच्या ऑपरेशनात स्वरयंत्र काढून टाकावं लागलं, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. जीव वाचला, आवाज गेला, गळ्याभोवती रुमाल आला. काय सांगायचं ते छोट्या पाटीवर लिहून सांगायच्या, आणि रागावल्या की पाटीवर बोटं वाजवायच्या.

ऑपरेशनच्या आधी लेकीने आग्रह धरला होता की आईने आपला आवाज फोनमध्ये भरून ठेवावा. दुसरी कुणी असती तर गाणं म्हटलं असतं, चार मायेचे शब्द बोलली असती. काकूंनी कामापुरतं भरलं. गॅस बंद केलात का, दार नीट लोटा, गोळी घेतलीत की विसरलात. उद्या बटण दाबून बोलायचं तर हेच लागणार, असं त्यांचं म्हणणं. पण दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्यांदा बटण दाबलं, स्वतःचा आवाज ऐकला, आणि त्यांनी फोन पालथा घालून भिंतीकडे तोंड फिरवलं. नंतर पाटीवर लिहिलं की हा माझ्या नजरेआड करा. काकांनी मुकाट्याने केला. आवाज मला पाठवून ठेवा म्हणून लेक कानीकपाळी ओरडत होती, पण त्या फोनला हात लावायची हिंमत दोघांपैकी एकालाही झाली नाही.

आणि आज सकाळी काकूंनीच पाटी पुढे धरली. संध्याकाळी लेक सात महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार होती. नातीला त्यांनी अजून मांडीवर घेतलेलं नव्हतं. पाटीवर लिहिलं होतं, ‘तो फोन काढा. तिला आजीचा आवाज कळू दे.’

काकांनी कपाटातून फोन काढला आणि चार्जरला लावला. फोन ढिम्म. वायर काढून पुन्हा लावली. बटण दाबून दाबून अंगठा दुखला. काळ्या काचेत फक्त त्यांचाच चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा चोराचा होता.

कारण काय घडलं असेल ते त्यांना लख्ख कळलं होतं. पंप बरेच दिवस बंद ठेवायचा तर आतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढून टाकायचं, नाहीतर आतून गंज धरतो. हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. म्हणून फोन ठेवताना त्यांनी त्याची बॅटरी पार उतरवली होती. टॉर्च लावून ठेवला, तो आपोआप विझेपर्यंत वाट पाहिली, मग लोकरीच्या फडक्यात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवला. इतकी काळजी कोण घेतो, म्हणून तेव्हा स्वतःवर खूशही झाले होते.

फोन दुरुस्तीच्या दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. बॅटरी इतकी खाली गेलीय की फोन आता वीजच घेत नाही, म्हणाला. या जुन्या मॉडेलची बॅटरी मागवायला आठवडा लागेल, आणि आतलं सगळं शाबूत राहील याची हमी नाही. त्याने फोन उजेडात आडवा धरून पाहिला. पाठ फुगलेली नव्हती. फुगली असती तर चार्जिंगला लावूच दिला नसता. मग म्हणाला की घरी जुना, कमी ताकदीचा चार्जर असेल तर लावून सोडून द्या, सारखं बटण दाबू नका, कधीकधी जागा होतो. पण भरवसा ठेवू नका.

तेवढ्यात काकांच्या साध्या फोनवर जावयाचा फोन आला. सगळी हकिगत ऐकून तो म्हणाला, बाबा, कशाला जिवाला त्रास, येताना नवा आणतो.

"नव्यात ती नाहीये," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

घरी येऊन त्यांनी चष्मा पुसला, फोन दिव्याखाली धरला आणि चार्जिंगच्या भोकात डोकावले. आत त्याच फडक्याची लोकर ठासून बसली होती. म्हणजे काळजी दोन्ही बाजूंनी नडली होती. दात कोरायच्या लाकडी काडीने, श्वास रोखून, त्यांनी एकेक तंतू बाहेर काढला. खणातली एक वायर ढिली निघाली, दुसरी घट्ट बसली. जुना चार्जर सापडला. फोन ओट्याच्या दगडावर ठेवला आणि समोर स्टूल ओढून बसले.

कोरड्या पंपाच्या घशात आधी मगाने पाणी ओतावं लागतं. घाईने स्विच दाबला तर तो नुसता घरघरतो. हे ते जन्मभर लोकांना सांगत आले होते. आता स्वतःचा अंगठा बटणाकडे जात होता आणि ते तो मुठीत दाबून धरत होते. तास गेला. काचेवर काही नाही. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा काकांना त्यांच्याकडे बघवेना.

"अगं, ती बॅटरी मीच मारली," ते म्हणाले. "पंप ठेवतात तशी पार उतरवून ठेवली. तुझा आवाज आत राहिला आणि मी..."

काकूंनी पाटी घेतली. आता काय वाचायला मिळतंय म्हणून काका अंग चोरून बसले.

‘नशीब, मला नाही रिकामं करून ठेवलंत.’ आणि त्याच्या खाली, ‘उठू नका.’

मग त्याही दुसरं स्टूल घेऊन शेजारी बसल्या. ऊन खिडकीतून सरकत ओट्यावर आलं. काकांनी फोन सावलीत ओढला, वायर न हलवता. आणि त्या सावलीतच त्यांना दिसलं, काचेवर बॅटरीचं रिकामं चित्र उमटलं होतं, त्यात एक लाल रेघ. काकूंनी त्यांचा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. तरीही काकांनी बटणाला हात लावला नाही. रेघ हिरवी झाल्यावरच लावला.

लेक आली तेव्हा फोन अजून वायरीलाच होता. बाळाने अनोळखी चेहरे पाहिले आणि भोकाड पसरलं. काका दूध कोमट करायला आत पळाले. काकूंनी नातीला मांडीवर घेतलं, थोपटलं, ओठ हलवले; पण ओठांतून काही येत नाही म्हटल्यावर ती आणखीच रडू लागली. लेकीने फोन आईच्या हाती दिला. आत बाळासाठी एक शब्द नव्हता. जे होतं ते सगळं नवऱ्याला. काकूंनी फोन गळ्याच्या रुमालाशी धरला, त्यातल्या त्यात एक निवडलं आणि दाबलं.

"अहो, ऐकलंत का? या ना इकडे."

बाळ हुंदक्यावर थांबलं. त्याने फोनकडे पाहिलं नाही, आजीच्या तोंडाकडे पाहिलं.

"आलो, आलो," स्वयंपाकघरातून आवाज आला, आणि हातात दुधाचं भांडं तसंच धरून काका दारात येऊन उभे राहिले. जन्मात कधी ते पहिल्या हाकेला आले नव्हते. आपण कुणाला ओ दिली हे दारात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

काकूंनी हाताने खुणावलं की तुम्हाला नाही, हिला. मग नातीसाठी त्यांनी पुन्हा तेच दाबलं, आणि काकांनी पुन्हा ओ दिली.