सीडीवर कोरलेलं नाव

आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत हळदीपासूनचे सगळे विधी धवले गाऊन तीच पार पाडायची. ती गेल्यावर एका डीजेवाल्याने तिचा आवाज उचलला, खाली ढोल भरला आणि वर स्वतःचं नाव घातलं. आमच्या दापोडे गावातले लोक त्यावर नाचले. हा आवाज कुणाचा, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

म्हणून वर्षश्राद्धाला भांड्यांऐवजी तिच्या धवल्यांच्या सीडी वाटायच्या, असं मी ठरवलं. कागदी लेबल नको होतं. ते सोलून दुसरं चिकटवता येतं. मला हव्या होत्या लेझरने वर नाव कोरता येणाऱ्या सीडी. त्या आता बनत नाहीत. शेवटी मानकोलीला मुदस्सिरच्या गाळ्यात जुन्या मालाचा एक खोका सापडला. गाळ्याची जमीन आमची, भाडं माझा धाकटा भाऊ कुणाल घेतो. तो सोबत आला.

"ताई, सगळ्या सीलबंद," मुदस्सिर म्हणाला. "गाणी भरून झाली की सीडी उलटी घालायची. तोच लेझर वर नाव काढतो. त्याचा ड्राइव्हपण देतो."

"भाव बोल," कुणाल म्हणाला.

"तुम्हाला काय भाव सांगू, शेठ? आजकाल हे घेतंय कोण?"

"मंग भंगारात दे. न्हायतरी भंगारच हाय."

"भंगारवाल्याचंपण भाडं वाढवता तुम्ही!"

दोघं हसले. माल खरोखरच मातीमोल भावात मिळाला. कुणालने खोका गाडीत टाकला. "तू कशाला राबतेस, ताई? माझ्या हापिसातली पोरं करतील."

आठवड्याने खोका परत आला. प्रत्येक सीडीवर करड्या रंगात हात जोडलेला कुणाल. खाली 'सप्रेम भेट : युवा नेते कुणालशेठ तरे'. आईचं नाव कुठेच नव्हतं.

मी फोन केला. "आईचं नाव कुठंय?"

"भांड्यावर नाव कोनाचं घालतात? देनाऱ्याचं. मग?"

"भांडं गात नाही, कुणाल."

"गावाला म्हाईत न्हाय का आवाज कोनाचा?"

"डीजेवालाही हेच म्हणाला होता. तेव्हा तूच त्याच्या अंगावर धावून गेला होतास."

"तो परका व्हता," तो म्हणाला. "आता कोरलंय ते कोरलंय. पुसत न्हाय."

पुसत नाही हे मुदस्सिरनेही सांगितलं. पण तो म्हणाला, "कोरलेल्यावर पुन्हा कोरता येतं, ताई. मधल्या खुणेवरून ड्राइव्ह जागा ओळखतो. नवं जुन्यावर गडद बसतं."

ड्राइव्ह मी घरी आणला. एकेका सीडीला बराच वेळ लागे. मला घाई नव्हती. 'कमळा चांगदेव तरे, धवलारीण' ही अक्षरं मी कुणालच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत भरली.

वर्षश्राद्धाला त्याने पहिली सीडी हातात घेतली आणि माझा दंड धरून बाजूला ओढलं. "ह्या वाटायच्या न्हाईत."

"वाटणार."

"मानसं काय बोलतील?"

"आईचं नाव वाचतील."

मी हात सोडवून घेतला आणि दारात उभी राहिले. आईच्या मागे झील धरणाऱ्या राहीबाई पहिल्या आल्या. त्यांनी सीडी उजेडात तिरकी धरली, अक्षरांवरून बोट फिरवत आईचं नाव मोठ्याने वाचलं. मग डोळे बारीक केले.

"नावामागं ह्यो कोन गं?"

"देणारा," मी म्हटलं आणि पुढच्या बाईच्या हातात सीडी ठेवली.